विश्लेषण : उन्हाळी सुट्टीत मुलांच्या दातांचे वेळापत्रक का बिघडते?

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्याची सूचना केली. कोणत्या खाऊत आणि शीतपेयात किती साखर असते हे मुलांना भिंतीवरच वाचता यावे, हा त्यामागचा हेतू. बालवयातच वाढू लागलेला मधुमेह हे सूचनेचे मुख्य कारण होते. पण ती आली तेव्हा महाराष्ट्रातील बहुतेक मुले शाळेत नव्हती, घरी किंवा मामाच्या गावी होती. मे उजाडल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात त्याहूनही पुढे, मुलांच्या खाण्यावर ना फलकाची नजर असते ना मधल्या सुट्टीच्या घंटेची. दातांच्या दृष्टीने हाच काळ नाजूक असतो.

साखर किती, की किती वेळा?

दात ‘गोड खाल्ल्याने’ किडतात हे अर्धेच खरे. दातांवरच्या चिकट थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच तोंडातील सामू साधारण ५.५ च्या खाली उतरतो आणि दाताच्या कठीण आवरणातील, म्हणजे एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. त्यानंतर लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि खनिजे दातात परत बसवते. त्यासाठी अर्धा ते एक तास लागतो. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हा चढउतार मोजून दाखवला. आजही दंतवैद्यकाचे विद्यार्थी तो आलेख ‘स्टीफन वक्र’ म्हणून शिकतात.

शाळेच्या दिवशी मुलाचे खाणे चार-पाच वेळांत बसते. दोन खाण्यांच्या मध्ये लाळेला तिचे काम करायला उसंत मिळते. सुट्टीत मात्र सकाळी बिस्किटे, अकराला सरबत, जेवण, दुपारी पत्ते खेळताना ज्यूसचा पुडा, चारला गोळा, संध्याकाळी कुल्फी, रात्री साखर घातलेले दूध असा ओघ दिवसभर चालू राहतो. एकूण साखर फारशी वाढली नाही, तरी आम्लाचे हल्ले दुप्पट होतात. एक ग्लास सरबत जेवताना संपवणे आणि तेच दोन तास घोट-घोट पीत राहणे, यात दातांच्या लेखी मोठा फरक आहे.

हे सिद्ध करणारा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग स्वीडनमधील व्हीपेहोल्म येथील मनोरुग्णालयात १९४० च्या दशकात झाला. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांपेक्षा जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात कितीतरी अधिक किडले. संमती देण्याच्या स्थितीतही नसलेल्या रुग्णांवर केलेला हा प्रयोग वैद्यकीय नीतिमत्तेवरील डाग मानला जातो. त्याच्या निष्कर्षावरून मात्र स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी देण्याची पद्धत रुजली. बंदीपेक्षा वेळ ठरवून देणे घरात टिकते, हे त्यातून दिसते.

मग आमरस बंद करायचा का?

अजिबात नाही. जेवणात पुरीबरोबर वाटीभर आमरस खाणे हे दिवसभर आंब्याचे डबाबंद पेय चोखण्यापेक्षा केव्हाही बरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. पाच टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. कापून खाल्लेल्या अख्ख्या फळातील साखर या हिशेबात धरलेली नाही. पुड्यातील ‘फळांचा रस’ मात्र धरलेला आहे. अर्कात पाणी मिसळून केलेल्या रसांवर ‘१०० टक्के फळांचा रस’ असा दावा छापू नये, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले ते उगाच नव्हे.

सप्टेंबर २०२५ मधील वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत टूथपेस्ट आणि टूथब्रशवरील कर १८ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्याच दिवशी बिस्किटे, चॉकलेट आणि आइस्क्रीमही पाच टक्क्यांच्या रांगेत जाऊन बसले. दात घासणे स्वस्त झाले आणि दात किडवणेही.

आंबट पेयांचा प्रश्न थोडा वेगळा. लिंबू सरबत, पन्हे, कोकम, कोला यांत आम्ल मुळातच असते. ते प्यायल्यावर एनॅमल काही काळ मऊ पडते. त्यामुळे लगेच ब्रश करण्याऐवजी पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

सहाव्या वर्षी काय होते?

‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ या समजाने सर्वाधिक नुकसान केले आहे. दुधाच्या २० दातांपैकी मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि पक्क्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. त्याहून मोठी फसगत पहिल्या पक्क्या दाढेची. ती साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे पालकांना ती आल्याचे कळतच नाही. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत अन्न अडकते. आयुष्यभर टिकायची ही दाढ दुधाची समजून किडू दिली जाते. कीड लागण्याआधी या खाचा बुजवणारा ‘सीलंट’चा लेप दंतवैद्य लावतात. त्यासाठी ना भूल लागते, ना दात कोरावा लागतो.

रात्रीचा ब्रश इतका महत्त्वाचा का?

झोपेत लाळ फार कमी स्रवते. रात्री दातांवर राहिलेली साखर सकाळपर्यंत जवळपास निर्धास्त असते. सुट्टीत गच्चीवर गप्पा रंगतात, मुले तिथेच झोपतात आणि नेमका हाच ब्रश चुकतो. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वयाला वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. पेस्ट थुंकायची, गिळायची नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात नीट फिरत नाही, तेव्हा ब्रश मोठ्यांनी फिरवावा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधील काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त असते आणि मुलांच्या दातांवर डाग पडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे. अशा गावांत पेस्ट कोणती वापरावी, हे दंतवैद्याला विचारून ठरवावे.

गावी आजी-काकूंच्या हातात मशेरी दिसते आणि मुले अनुकरण करतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तंबाखूयुक्त दंतमंजनावर देशात १९९२ पासून बंदी आहे, पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार?

खेळताना दात तुटला तर?

विहिरीवर, सायकलवर, झाडावर पक्का दात मुळासकट निखळण्याचे प्रकार घडतात. असा दात मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा, माती लागली असल्यास क्षणभर पाण्याखाली धरावा आणि जमल्यास तिथल्या तिथे खोबणीत बसवावा. नाहीतर थंड दुधात बुडवून, शक्यतो अर्ध्या ते एक तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. कागदात गुंडाळून सुकवलेला दात सहसा वाचत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

तपासणी कुठे होते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यातील फिरती पथके सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा, अंगणवाडीतील बालकांची दोनदा तपासणी करतात. दातांच्या तक्रारी त्यांच्या यादीत आहेत. किडलेला दात सापडला की मुलाला पुढील उपचारांसाठी सरकारी रुग्णालयाकडे पाठवले जाते. पण दुखत नसलेल्या दातासाठी मजुरी बुडवून रुग्णालय गाठणे पालकांना जड जाते आणि चिठ्ठी दप्तरातच राहते. सुट्टीत निदान मुलाची शाळा तरी बुडत नाही.

किडीची पहिली खूण म्हणजे हिरडीलगतचा खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा. दातांवरचा थर साफ झाला नाही, तर महिनाभरातही तो उमटू शकतो. या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप आणि नियमित ब्रश यांनी कीड थांबते, अनेकदा मागेही फिरते. खड्डा पडल्यावर ती सोय उरत नाही. त्यामुळे दात दाखवायचे तर सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात. जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या गर्दीत नव्हे.