पाटे वाढविण्यापूर्वी भार मोजा

येडशी हे बालाघाटच्या डोंगररांगेतील गाव. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा चौपदरी महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता येथे एकत्र येतात. महामार्ग सोडून गाडी शेताकडे वळली, की मुरूम, दगडगोटे आणि पावसाळ्यात काळ्या रानातील चिखल यांच्याशी गाठ पडते. शेतमाल नेणाऱ्या गाडीस एकाच दिवशी हे दोन्ही मार्ग तुडवावे लागतात. म्हणून चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी गाडी शेतकऱ्यास उपयुक्त वाटते, व ते योग्यच आहे. परंतु अशी गाडी दारात येताच मागील कमानीत दोन-तीन जाड पाटे वाढविण्याची जी रूढी पडली आहे, ती बहुतेक वेळा नुकसानीस कारण होते.

कमानीचे काम केवळ भार पेलण्याचे नाही. खड्ड्यात चाक खाली उतरू देणे व दगडावर ते वर उचलू देणे, म्हणजेच चाक सदैव जमिनीस टेकलेले ठेवणे, हेही तिचेच काम होय. कमान फाजील ताठ झाली, की उंचसखल वाटेत एखादे चाक अधांतरी राहते. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत असे चाक नुसते गरगर फिरते आणि त्याच्या जोडीच्या चाकासही ओढ मिळत नाही. ज्या चार चाकांसाठी जादा पैसे मोजले, त्यांपैकी दोन अशा रीतीने वाया जातात.

पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. लांबी-रुंदी तीच ठेवून ८ मि.मी. ऐवजी १० मि.मी. जाडीचा पाटा घातल्यास तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. मग खड्ड्याचा हादरा कमानीत न जिरता आसावर, सांगाड्यावर आणि मालावर जातो. द्राक्षांचे मणी गळतात, टोमॅटो दबतात, आणि ही तूट बाजारात भाव लागताना दिसून येते. पाटे वाढविल्याने गाडीची नोंदणीपत्रातील भारक्षमता मात्र एक किलोनेही वाढत नाही. कारण आस, ब्रेक व टायर पूर्वीचेच असतात. उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, हेही विसरू नये.

यास्तव आधी मोजमाप करावे. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून मागील चाकाच्या मध्यापासून वरील पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. नंतर ५० किलोच्या दहा गोण्या मागील आसाच्या बरोबर वर ठेवून पुन्हा मोजावे. गाडी ५ सें.मी. दबली, तर दोन कमानींपैकी प्रत्येकीस एक सें.मी. दबण्यासाठी ५० किलो भार लागतो, असे समजावे. नेहमीच्या भाराखाली आस व वरील रबरी ठोकळा यांत पुरेसे अंतर राहत असेल, तर कमानीस हात लावण्याचे कारण नाही.

निवड वर्षातील एखाद्या जड फेरीवरून न करता बहुतेक दिवसांच्या भारावरून करावी. मुख्यतः माणसे व हलकी अवजारे न्यावयाची असतील, तर गुंडाळीच्या स्प्रिंगा सुखावह असतात. २०१० सालच्या थार गाडीस मागे पाटे होते. २०२० च्या नव्या थारला मागेही गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, त्या याच उपयोगास अनुसरून. एरवी हलका आणि हंगामात जड भार असेल, तर उत्पादकाने मान्य केलेला साहाय्यक पाटा पाहावा. गाडी रिकामी असता तो अलिप्त राहतो व भार वाढल्यावरच टेकतो. रोजच जड ओझे असेल, तर अधिक क्षमतेची गाडी घेणे हाच खरा उपाय होय.

कमान जुनी होऊन बसली असल्यास काय करावे, असा प्रश्न येईल. अशा वेळी जादा पाटा ठोकू नये. दोन्ही बाजूंच्या कमानी मूळ मापाच्याच, व एकाच वेळी बदलाव्यात. नुसता बाक देऊन घेतलेला थकलेला पाटा लवकरच पुन्हा बसतो.

येडशीवरून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी धावत असे. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक आसावर सारखा, म्हणजे पाच टनांपर्यंतच भार पडेल अशी योजना केली आणि हलक्या रुळांवरून पुष्कळ माल वाहून दाखविला. लोखंड वाढविण्यापेक्षा भार नीट वाटण्यात शहाणपण आहे, हा धडा याच मार्गावर गिरविला गेला. शेतकऱ्याने गाडीच्या कमानीस हात घालण्यापूर्वी तो अवश्य आठवावा.