केटामाइन : भुलीचे औषध, व्यसनाची पूड



काही महिन्यांपूर्वी पंच्याहत्तरीच्या एक आजी रक्तदाब तपासून घ्यायला आल्या होत्या. निघताना घुटमळल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मला रात्री झोप कमी. पण हल्ली नातूही जागाच असतो. सात-आठ वेळा लघवीला उठतो. त्याला मधुमेह तर नसेल ना?"

नातू बावीस वर्षांचा. त्याची साखर व्यवस्थित निघाली. लघवीत रक्तपेशी होत्या, पण जंतुसंसर्ग नव्हता. आधी दोनदा प्रतिजैविके घेऊनही उतार पडला नव्हता. त्याला एकट्याला बसवून शांतपणे विचारले, तेव्हा बऱ्याच वेळाने त्याने एवढेच सांगितले, "मी 'के' घेतो." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

'के' म्हणजे केटामाइन. हे औषध 1962 साली अमेरिकेत तयार झाले. भूल देताना ते श्वसन फारसे मंदावू देत नाही आणि रक्तदाब टिकवून धरते, म्हणून अपघात, भाजल्याच्या जखमा व तातडीच्या शस्त्रक्रियांत ते आजही मोलाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याचा समावेश आहे. तेव्हा आपल्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञांनी केटामाइनचे नाव घेतले, तर घाबरू नये. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास मात्र आधी सांगावे. शुद्धीवर येताना काहींना थोडा वेळ विचित्र भास होतात. अशा वेळी जवळच्या माणसाने हळू आवाजात धीर द्यावा.

व्यसन म्हणून हीच वस्तू बहुधा पांढऱ्या पुडीच्या रूपात नाकाने ओढली जाते. काही काळ शरीर आपले नाही असे वाटते, वेदना जाणवत नाही, भोवतालचे भान सुटते. त्या अवस्थेत माणूस पडतो, भाजतो, पाण्यात असल्यास बुडू शकतो. अमेरिकी अभिनेते मॅथ्यू पेरी यांचा ऑक्टोबर 2023 मध्ये मृत्यू झाला. शवविच्छेदनात केटामाइनचे तीव्र परिणाम हे प्रमुख कारण ठरले आणि बुडणे हे त्यात भर घालणारे कारण. सोबत मद्य किंवा झोपेच्या गोळ्या असतील, तर श्वास मंदावण्याचा अथवा उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

वारंवार सेवनाने होणारी हानी अधिक छुपी असते. केटामाइन व त्याचे शरीरात तयार होणारे घटक लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्राशयात साठलेल्या लघवीतून ते आतल्या अस्तराला इजा करतात. अस्तर झिजते, त्यावर व्रण पडतात आणि कालांतराने मूत्राशय जाड होऊन आकसते. निरोगी मूत्राशयात सुमारे 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. गंभीर रुग्णांत ही क्षमता 100 मिलिलिटरच्याही खाली जाते. मग वारंवार लघवी, जळजळ, ओटीपोटात कळा, लघवीतून रक्त अशी लक्षणे दिसतात आणि पुढे मूत्रपिंडांवर ताण येतो. या आजाराचे वर्णन वैद्यकीय साहित्यात 2007 च्या सुमारासच होऊ लागले, त्यामुळे तो सहज ओळखू येत नाही. दुर्दैव असे, की ती कळ शमवण्यासाठी रुग्ण पुन्हा केटामाइनच घेतो आणि फेरा पूर्ण होतो. याखेरीज स्मरणशक्ती मंदावते, मन खचते, पोटात तीव्र कळा येतात.

यावर मुख्य उपचार एकच, सेवन पूर्ण थांबवणे. लवकर थांबवले तर मूत्राशय बरेचसे सावरते. उशीर झाला, तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणूनच वेळेवर लक्ष जाणे महत्त्वाचे, आणि घरात रात्री जागे असणारे बहुधा आपणच ज्येष्ठ असतो.

हे लक्षात ठेवावे :

• तरुणाला वारंवार लघवी होत असेल आणि प्रतिजैविकांनी गुण येत नसेल, तर डॉक्टरांना त्याच्याशी एकांतात बोलू द्यावे. या लक्षणांना इतर कारणेही असतात. संशयावरून आरोप करू नयेत.

• लघवीच्या नेहमीच्या तपासणीत केटामाइन कळत नाही. त्यामुळे अहवालापेक्षा विश्वासाने झालेली बातचीत अधिक उपयोगी पडते.

• कोणी बेशुद्ध आढळल्यास कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

• व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शनासाठी 14446 आणि मानसिक आधारासाठी 14416 या राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत.

• पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत. अमली पदार्थविरोधी कायद्यात, अल्प प्रमाणाच्या प्रकरणांत, मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीसाठी संरक्षणाची तरतूद आहे.

त्या नातवाने संमती दिल्यावर आम्ही मिळून त्याच्या आईवडिलांशी बोललो. मूत्ररोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांचे उपचार चालू आहेत. मधे एकदा पाय घसरला, पुन्हा सावरला. आता तो रात्री दोनदा उठतो. आजींना सारे ठाऊक आहे. त्या काही विचारत नाहीत. दार वाजले की फक्त हाक देतात, "बाळा, बरा आहेस ना?" औषधाच्या चिठ्ठीवर मला ही हाक लिहिता येत नाही, म्हणून येथे लिहितो.