पहिलीच उडी मोठी का असू नये?

“अंथरूण पाहून पाय पसरावे” ही म्हण आमच्या घरात दिवसातून एकदा तरी ऐकू येते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. पुढे एम. ए. करीन म्हणालो, तेव्हा मांजर्लीतल्या शेजाऱ्यांनीही हीच म्हण ऐकवली. पहिल्या पिढीने बेताची उडी घ्यावी, मोठी उडी पुढच्यांनी, असा जणू नियमच आहे. मला हा नियम पटत नाही आणि त्याला एक अल्बम कारणीभूत आहे.

मुंबईच्या ‘कोशिश’ या बँडचा ‘फिरदौस’ हा पहिला अल्बम २०१३ साली आला. मंगेश गांधी (गायन व बास), अनिश नायर व श्रीकांत श्रीनिवासन (गिटार) आणि हमझा काझी (ड्रम्स) हे ते चौघे. त्यांचा प्रकार प्रोग्रेसिव्ह मेटल. हा नुसता गोंगाट, असा आपल्याकडे समज आहे. गिटारचा आवाज जड असतो हे खरे. पण या प्रकारातले गाणे एकाच ठेक्यावर धावत नाही. पाच, सात अशा विषम मात्रांतूनही ते वळणे घेते, थबकते, पुन्हा उसळते. माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एकदा मी त्यांच्या कानाला इअरफोन लावला. थोडा वेळ ते मांडीवर बोटांनी मात्रा मोजत राहिले आणि म्हणाले, “आवाज फार आहे, पण पोरं हिशोबात आहेत.”

या पोरांनी पहिल्याच अल्बममध्ये काय करावे? सुटी गाणी न देता एका माणसाच्या शोधाची सलग कथा मांडली. त्यातही छापलेला क्रम हा कथेचा क्रम नव्हे. खरा क्रम ऐकणाऱ्यानेच शोधायचा! आणि आपल्याकडचे बहुतेक मेटल बँड इंग्रजीत गात असताना हे हिंदीत गायले. माझे इंग्रजी बेताचेच आहे. म्हणून ज्या संगीताच्या दाराशी मी बाहेर उभा होतो, त्यात मला आत घेणारा हा पहिला अल्बम.

माझा मित्र म्हणतो, “पहिल्या वेळी सोपे द्यावे, लोक जमवावेत, मग प्रयोग करावेत.” त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. सकाळच्या लोकलमध्ये, बदलापूरच्या गर्दीत एका पायावर उभे राहून कथेचा क्रम लावणे कठीणच. मलाही तो पुरता लागलेला नाही. पण त्यामुळेच मी पुन्हा पुन्हा ऐकतो. सोपे असते, तर केव्हाच विसरलो असतो. इंग्लंडच्या ‘किंग क्रिमझन’नेही १९६९ साली पहिल्याच अल्बममध्ये असे धाडस केले होते. त्यांनी लहान उडीपासून सुरुवात केली असती, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले असते का?

आपल्याच वार्षिक अंकाकडे पाहा. पहिला लेख म्हणून आपण ‘पावसाळ्यातील एक दिवस’ पाठवतो, कारण तो चुकत नाही. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की आमच्या फसलेल्या मोठ्या प्रयत्नालाही चार गुण द्यावेत.

माझे म्हणाल, तर एम. ए. करायचेच. जमले नाही, तर तसेही याच अंकात लिहीन.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला