शून्य मिलिमीटर

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकाने गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो टाकला. बाहेरचं तापमान ४६! खाली मजकूर: "पुण्याचे आजवरचे सर्व रेकॉर्ड ब्रेक." दहा मिनिटांत वीसेक अंगठे आणि घाम पुसणारे चेहरे. मला गप्प बसवत नाही. मी लिहिलं की गाडी दुपारभर उन्हात उभी होती, तो सेन्सर पुढच्या बंपरच्या आसपास असतो आणि खाली डांबर तापलेलं असतं. तेव्हा हे पुण्याचं तापमान नसून तुमच्या बंपरचं आहे. शिवाजीनगरच्या नोंदवहीत ३० एप्रिल १८९७ ला ४३.३ आहे, तेही सावलीत ठेवलेल्या तापमापकावर. उत्तर आलं, "काका, तुम्ही एसी लावून बसा."

काका! असो.

तर मंडळी, आज कबुलीजबाब देतो. गेली नऊ वर्षं मी आमच्या गच्चीवर पाऊस मोजतो. रोज सकाळी साडेआठला, ऑफिसचा स्टँडअप कॉल सुरू व्हायच्या आत. साडेआठच का, तर हवामान खातंही त्याच वेळी मोजतं. तिथे पावसाचा 'दिवस' आज सकाळी साडेआठ ते उद्या सकाळी साडेआठ असा चालतो. रात्री अकराला धो धो कोसळला तरी तो उद्याच्या सकाळच्या आकड्यात येतो. पेपरातला आकडा आणि आपली आठवण जुळत नाही, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. आपल्या धंद्यात टाइमझोनच्या घोळाने रात्री जागवल्या असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हा नाद मला लागला तो कोलोरॅडोत. ऑनसाइटला फोर्ट कॉलिन्स नावाच्या गावात होतो. तिथल्या एका सहकाऱ्याच्या परसात खांबाला एक प्लॅस्टिकची नळी लावलेली दिसली. मला वाटलं पक्ष्यांसाठी काहीतरी असेल. तो म्हणाला, पर्जन्यमापक. मग त्याने २८ जुलै १९९७ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी गावाच्या पश्चिम टोकाला साडेचौदा इंचांच्या आसपास पाऊस झाला आणि पूर्वेकडे दोन इंचसुद्धा नाही. गाव केवढं, तर आपल्या कोथरूडहून हडपसरला जायला जेवढं अंतर पडतं, त्याहूनही लहान. पाच माणसं गेली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तळघर पुस्तकांसकट बुडालं. आणि हवामानवाल्यांना पाऊस नक्की कुठे किती झाला, ते नंतर लोकांच्या परसातल्या भांड्यांतून, बादल्यांतून, घरगुती मापकांतून गोळा करावं लागलं. त्यातूनच १९९८ साली तिथल्या विद्यापीठातल्या हवामानतज्ज्ञांनी एक स्वयंसेवकांचं जाळं उभं केलं. 'कोकोराझ' म्हणतात त्याला. चार इंच व्यासाची साधी नळी, रोज सकाळी एकदा बघायचं, आकडा पाठवायचा. बस्स. आज ते अमेरिकाभर आहे.

हे ऐकताना माझ्या डोक्यात अर्थातच २६ जुलै २००५ होता. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ च्या जरा वर. एकच शहर, एकच लोकल लाइन! कुलाब्याच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला 'आज जरा जास्तच पडतोय' एवढंच वाटत असणार, आणि तिकडे कलिन्यात दुसऱ्या मजल्यावर जायची पाळी आलेली. मधल्या पट्ट्यात काय झालं? त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले ही चांगलीच गोष्ट, पण त्यासाठी २६ जुलै व्हावा लागला.

तर परत आल्यावर मी गच्चीवर मापक लावला आणि पहिली दोन वर्षं भंगार डेटा गोळा केला. कारण? पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लावला होता, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही! नियम असा आहे की जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर लांब असायला हवं. टाकी दोन मीटर, मी अर्ध्या मीटरवर. पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येणार आणि नैर्ऋत्येलाच टाकी. धन्य! जागा बदलल्यावर माझे आकडे एकदम 'वाढले', आणि मी ग्रुपवर जाहीर करणार होतो की आपल्या भागात पाऊस वाढतोय. बायकोने विचारलं, "पाऊस वाढला की तू भांडं हलवलंस?" दोन वर्षांच्या वहीवर लाल रेघ मारली. पण फाडून टाकली नाही. जुना लॉग कितीही लाजिरवाणा असला तरी डिलीट करू नये.

ज्यांना घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी: महागडं काही लागत नाही. एक नरसाळं, एक बाटली, एक मोजपात्र. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढायचं. तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ७८.५ मिलिलिटर पाणी जमलं की पाऊस १० मिलिमीटर. सातवीचं गणित. फक्त बादलीत मोजू नका, कारण आपली बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते. ती पाऊस फुगवून सांगते. "आमच्याकडे अर्धी बादली पडला" हे वाक्य आमच्या लिफ्टमध्ये दर पावसाळ्यात ऐकू येतं, आणि मी मजल्याचं बटण बघत उभा राहतो.

आता मुद्द्यावर येतो. हवामानाची आवड असलेले आपल्याकडे कमी नाहीत. उलट आता फार झालेत. पण सगळ्यांना हवा असतो तो विक्रम. सर्वात उष्ण, सर्वात थंड, ढगफुटी. (ढगफुटी हा शब्द तर आता कुठेही तुंबलेल्या चौकाला लावतात.) नोंद कुणालाच नको असते. आणि गंमत म्हणजे नोंदीशिवाय विक्रम नसतो. हवामान अजिबात बदलत नाही असं धरलं, तर मोजणीच्या पहिल्या वर्षी विक्रम होण्याची शक्यता शंभर टक्के, दुसऱ्या वर्षी निम्मी, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश, आणि शंभराव्या वर्षी शंभरात एक. शंभर वर्षांत सारे मिळून पाचेक विक्रम व्हायला हवेत. म्हणून तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या यंत्राचा 'आजवरचा उच्चांक' आणि कुलाब्याचा उच्चांक या एका तराजूत घालायच्या गोष्टी नव्हेत. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे १८४० च्या सुमारास, वयाची विशीही न गाठलेले केरूनाना छत्रे वेध घ्यायच्या कामाला लागले होते, ते पुढे टिळकांचे गणिताचे गुरू झाले. अशा जुन्या वहीतला विक्रम मोडतो तेव्हा खरंच दचकायचं असतं. २०२५ च्या मे महिन्यात कुलाब्याला २९५ मिलिमीटर पाऊस झाला आणि १९१८ सालचा मेचा विक्रम मोडला. मान्सूनही मुंबईत २६ मे रोजी येऊन थडकला, नेहमीची तारीख ११ जून असताना.

पण हे आपल्याला कळलं कशामुळे? मुंबईतला मे म्हणजे कोरडा ठणठणीत. तरी कोणीतरी शंभराहून जास्त वर्षं मे महिन्यात रोज सकाळी भांड्याशी जाऊन, आत काही नाही हे बघून, वहीत शून्य लिहिलं. हजारो शून्यं! त्या माणसांचे नोकरीतले किती दिवस नुसते शून्य लिहिण्यात गेले असतील.

आणि शून्य म्हणजे रिकामी जागा नव्हे. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना 'नल' आणि शून्य यांतला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. वहीत काहीच लिहिलेलं नसेल तर पाऊस नव्हता, की मोजणारा लग्नाला गेला होता, हे कळायला मार्ग नाही. यंत्राच्या शून्यावरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. स्वयंचलित मापकात छोट्या जोडचमच्यांचा झोका असतो, भरला की कलंडतो आणि एक ठोका मोजला जातो. वरच्या नरसाळ्यात पिंपळाचं पान अडकलं किंवा कबुतराने कृपा केली, की बाहेर धो धो आणि स्क्रीनवर इमानदारीत शून्य. त्या कोकोराझवाल्यांनी म्हणूनच शून्य पाठवणाऱ्यांचं मुद्दाम कौतुक करायची पद्धत ठेवली आहे.

हे सगळं शनिवार-रविवारचं खूळ म्हणून सोडून दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मामेभावाचा फोन आला. तो लातूर जिल्ह्यात शेती करतो, सोयाबीन. रात्री दोन ते पहाटे पाच असा पाऊस झाला की शेंगा भरलेलं उभं पीक गुडघाभर पाण्यात. नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टीचा निकष चोवीस तासांत ६५ मिलिमीटर, आणि तो बघतात महसूल मंडळाच्या केंद्रावरून. महावेध प्रकल्पात राज्यभर अशी दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं झाली, आधीच्या मानाने ही मोठीच मजल आहे. पण एका मंडळात गावं किती! त्याच्या शिवारापासून केंद्र अकरा किलोमीटर, आणि तिथे त्या रात्री पन्नासच्या घरात पाऊस. निकषात बसत नाही. तो म्हणाला, "दादा, तुला पावसातलं कळतं ना? माझ्या रानात किती पडला तेवढं सांग."

मी काय सांगणार? इकडे माझ्या गच्चीवरचा नऊ वर्षांचा हिशोब मिलिमीटरच्या दशांशापर्यंत तयार, जिथे पाऊस पडला काय नि नाही काय, माझा पगार तोच. आणि ज्याचं वर्ष त्या आकड्यावर अडलेलं, त्याच्याकडे आकडाच नाही. उद्या पंचनाम्याला कोणी आलंच तर दाखवायला त्याच्याकडे फोनमधले फोटो. पाण्याच्या फोटोत मिलिमीटर दिसत नाहीत.

मला इथे अडवलं जाणार हे ठाऊक आहे. आकड्याला पैसे चिकटले की लोक भांड्यात तांब्या ओततील. ओततीलच! म्हणून शेतकऱ्याच्या भांड्यावरून थेट पैसे द्या असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या गावात चारपाच जण वर्षभर रोज मोजतात, त्यांचे आकडे मंडळाच्या आकड्याहून फार वेगळे आले तर तिथे माणूस पाठवून बघा. खोटं ओळखणंही वाटतं तेवढं अवघड नाही. चार बांधांवरची चार भांडी एकमेकांना पकडतात, वरून रडारचं चित्र असतं. आणि जो माणूस मार्च, एप्रिल, मे, भर उन्हात रोज शून्य पाठवत आलाय, त्याच्या सप्टेंबरातल्या शंभरावर मी तरी विश्वास ठेवीन. ऐन पावसाच्या रात्री उगवलेल्या भांड्यावर ठेवणार नाही.

आपल्याकडे पाऊस बघायची परंपरा काय कमी आहे? पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मग सासवांचा, सुनांचा, हस्ताचा हत्ती. माझ्या आजीला नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा हे पंचांग न उघडता ठाऊक असे. इतकं बारीक बघणाऱ्या लोकांना रोज एक आकडा लिहिणं जड जाऊ नये. शाळेत, ग्रामपंचायतीत, आणि हो, आपल्या स्विमिंग पूलवाल्या सोसायट्यांतही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने पुण्यात काय केलं ते आठवत असेल. त्या रात्री कात्रजच्या डोंगरउतारावरच्या दहा-वीस गच्च्यांवर कोणी मोजत असतं, तर निदान पुढच्या वेळी नाल्याची रुंदी ठरवणाऱ्यापुढे ठेवायला कागद असता.

मामेभावाला मी एक मापक पाठवून दिला. बांधापासून लांब, मोकळ्यात, जमिनीपासून फूटभर उंच लाव, झाडाखाली नको, एवढं फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, "सरकार धरेल का हे?" मी म्हटलं नाही. "मग?" मला पटकन काही सुचलं नाही. तोच म्हणाला, "बरं, मला तरी कळू दे."

आता रोज सकाळी त्याचा मेसेज येतो. उन्हाळाभर नुसती शून्यं होती, एकही दिवस खाडा नाही. मृग लागल्यावर आकडे आले, परत शून्यं. आज ८.३४ ला आलेला मेसेज: "०.०. आत गोगलगाय होती, काढून टाकली."