भोपळ्यालाच भोपळा?

परीक्षेत भोपळा मिळाला तर आपण रिचेकिंगचा फॉर्म भरतो. मेसच्या ताटात भोपळा आला तर मात्र न चाखताच त्याला शून्य मार्क! हॉस्टेलचं आणि लाल भोपळ्याचं नातं अगदी विळ्या-भोपळ्याचं. आता तर त्याला मेनूतून कायमचं काढा, अशी मागणी चालू आहे. माझा तिला विरोध आहे.

गंमत बघा. हीच मंडळी घरून पैसे आले की वांद्र्याच्याच एखाद्या कॅफेत जाऊन ‘बटरनट स्क्वॉश सूप’ मागवतात आणि वाटी पुसून खातात. हा बटरनट म्हणजे कोण? 1940च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये तयार झालेला भोपळ्याचा एक वाण. शास्त्रीय नाव क्युकर्बिटा मोशाटा. आपल्याकडचे बहुतेक लाल भोपळेही क्युकर्बिटा मोशाटाच! म्हणजे सूपमधला आणि मेसमधला हे सख्खे भाऊ. एक फॉरेनला राहिला, एवढंच. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मलाही सिंड्रेलाची भोपळ्याची बग्गी आधी भेटली, लेकीकडे निघालेली म्हातारी नंतर.)

मग मेसचा भोपळा घशाखाली का उतरत नाही? कारण तो भोपळा नसतोच, तो लगदा असतो. बारीक फोडी, वर तांब्याभर पाणी आणि मोठा गॅस. भोपळ्यात मुळातच भरपूर पाणी असतं, त्यात आणखी ओतायची गरजच काय? फोडी मोठ्या आणि सालासकट चिरायच्या. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, सुकी मिरची. त्यावर फोडी टाकून झाकण ठेवायचं आणि पाणी भाजीत नाही, झाकणावर ओतायचं. आतली वाफ गार झाकणाला लागून पुन्हा थेंब होऊन खाली येते आणि फोडी स्वतःच्याच पाण्यात शिजतात. कन्डेन्सेशन आपण व्हायवात घडाघडा सांगतो, घरोघरच्या आज्या ते रोज करतात! शेवटी गूळ, गोडा मसाला, ओलं खोबरं. फोड अख्खी राहते. शिवाय भोपळ्याचा तो केशरी रंग ज्याचा, ते बीटा-कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल लागतंच. नुसतं उकडून फायदा नाही.

आमच्या मजल्यावर विदर्भातला मित्र याला कोहळं म्हणतो, खानदेशातला गंगाफळ, आणि मुंबईकराला कोहळा म्हटलं की पेठ्याचा पांढरा आठवतो. यावर रात्री दीड वाजेपर्यंत वाद झाला, सबमिशन राहिलं ते राहिलंच. पण घरी तो आवडायचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुणाकडे उकडून दह्यातलं भरीत, वरून फोडणी. कुणाकडे सालाची तीळ घालून चटणी. भाद्रपदात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीच्या भाजीत अळू, मका, सुरणाच्या जोडीला तो हवाच. पावसाळा सरता सरता नवे भोपळे बाजारात येतात आणि अखंड ठेवला तर भोपळा महिनोन्महिने टिकतो. मेसला परवडणारी अशी दुसरी भाजी दाखवा!

मेस कमिटीतले मित्र म्हणतात, ‘पोरं टाकून देतात, वाया जातं.’ खरं आहे, बादली मीही रोज बघतो. पण त्याच बादलीत कच्चा फ्लॉवरही असतो. त्याला काढा असं कुणी म्हणत नाही.

तेव्हा मेसच्या काकांना एक विनंती. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा भरते, त्या सुमारास एका रविवारी घारगे करून बघा. भोपळा किसून वाफवायचा, गरम असतानाच त्यात गूळ विरघळवायचा, मग जायफळ, चिमूटभर मीठ आणि त्यात मावेल तेवढीच कणीक. पाण्याचा थेंब नको. जाडसर थापून मंद आचेवर तळायचे. दोन-तीन दिवस सहज टिकतात, म्हणजे सोमवारच्या आठच्या लेक्चरला डब्यातही नेता येतील. दोनशे जणांचा भोपळा किसायचा म्हणजे काम आहे, मान्य. आमच्या मजल्यावरून सहा जण शनिवारी रात्री किसायला येतील. किसण्या मात्र मेसने द्याव्यात, आमच्याकडे एकच आहे आणि तिचा दांडा मोडलाय.