दार कोण ठोठावतो?

मुसलमान आजार लपवतात, लस घेत नाहीत, हे वाक्य २०२० नंतर मी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा ऐकले आहे. बोलणारे सुशिक्षित. त्यांना इतिहास ठाऊक नाही. खंत ही, की आपल्यालाही नाही.

फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला आणि प्लेगची पथके घराघरांत घुसू लागली. त्याच संतापातून २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. ते आपण शाळेत शिकवतो. ९ मार्च १८९८ ला मुंबईत मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आले आणि दंगल पेटली, ते कुणी शिकवत नाही. पुण्याचा संताप स्वाभिमान आणि जुलाह्यांचा अडाणीपणा, हा कुठला हिशेब? तक्रार एकच होती : न विचारता घरात शिरणारा परका माणूस.

हाफकिनची लस त्याच दिवसांतली. तिसऱ्या आगाखानांनी ती लोकांदेखत स्वतःला टोचून घेतली. सोजिरांच्या पहाऱ्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला असे मला वाटते.

२०२० मध्ये तोच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. तबलिगींच्या नावाने अख्खी कौम आरोपी ठरली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचे बकरे बनवल्याची शक्यता बोलून दाखवली. आरोपाच्या बातम्या महिनाभर चालल्या, निकालाची एक दिवस.

आता आपल्या घरचे बोलू. लशीने मूल होत नाही ही अफवा पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात आपल्याच मोहल्ल्यांत फिरली, कोविडच्या वेळी पुन्हा फिरली. तिथे इमाम स्वतः पुढे आले, मशिदींतून आवाहन झाले, तेव्हा दारे उघडली. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. मग आपले धुरीण २०२१ मध्ये इतके दिवस गप्प का बसले? सरकारला नावे ठेवणे सोपे असते म्हणून?

‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणात मीही होते. एनआरसीवाले आले म्हणून दारे बंद व्हायची. “खाला, आपके पोते की टीचर हूँ,” म्हटले की उघडायची, आधी फटीएवढी, मग चहापर्यंत. माझ्या हातातले पत्रक मात्र मराठीत होते. मी ते रात्री वहीच्या कागदांवर उर्दूत उतरवून वाटले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारले, परवानगी कोणाची घेतली?