फळ काळं होऊ द्या

केसलापूरची नागोबाची जत्रा पौष अमावास्येची. जत्रा उलगते, माणसं आपापल्या गावी परततात, आणि उटनूर-इंद्रवेल्लीच्या रानात चारोळीच्या झाडांना मोहर दिसू लागतो. तोडणीला अजून दोन-तीन महिने आहेत, म्हणूनच हा विषय आत्ता काढतो आहोत.

आपण बासुंदीत घालतो ती चारोळी आदिलाबादच्या बाजारात सारपप्पू म्हणून विकली जाते. झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. एप्रिल-मेमध्ये फळ हिरव्याचं काळं होतं. पण तोवर ते झाडावर राहतं कुठे? आपण थांबलो तर दुसरा नेईल, या धास्तीनं हिरवंच ओरबाडलं जातं. हात पोचला नाही की फांदीवर कुऱ्हाड पडते, आणि पुढच्या वर्षांचं फळही तिच्याबरोबर जातं. असं कोवळं फळ फोडून पाहा. आतला दाणा पाणचट असतो, वाळला की सुरकुततो. पिकल्या फळाचा वरचा गर पोरं चोखून खातात आणि आत टपोरा दाणा भरतो.

तो दाणा काढणं हेही कसबाचं काम आहे. फळं रात्रभर भिजवायची, चोळून साल काढायची, बी उन्हात खडखडीत वाळवायची, मग जात्यात भरडायची. जात्याची वरची तळी किंचित उचललेली हवी, नाहीतर कवचाबरोबर दाण्याचाही चुरा होतो. एवढं जाणणाऱ्या बायांच्या गावानं बी तशीच विकून टाकावी, याचं वाईट वाटतं. असा माल कवडीमोलानं जातो; मिठाच्या बदल्यात चारोळी देण्याचे दिवसही बस्तरनं पाहिलेत.

2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी गोळा करणाऱ्यांना दिली. 2013-14 च्या केंद्राच्या हमीभाव योजनेत चारोळीही आली. पण सुरकुतलेल्या मालाला भाव मागायचा कोणत्या तोंडानं?

तेव्हा गुढीपाडव्याआधी ग्रामसभा घ्या आणि तोडणीचा दिवस ठरवा. एकट्या गावानं ठरवून भागणार नाही. शेजारच्या गावांना, हद्दीपलीकडच्या चंद्रपूर-यवतमाळच्या गावांनाही सोबत घ्या. फांदी तोडणाऱ्याला ग्रामसभेनंच जाब विचारावा. काही झाडं तोडणीतून पूर्ण वगळा. सगळी बी पोत्यात गेली तर रानात नवी रोपं यायची कुठून? ठरलेली तारीख आम्हाला कळवा. पुढच्या अंकात गावाच्या नावासह छापू.